शिंगटा आधी मला दिसला होता

गिरजे,

तू गेल्याचं मला अनसूयेकडून कळलं, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो. मैंदर्गीच्या शाळेत आपण एका तरटावर बसलो. लग्न होऊन दोघीही सोलापुरात आलो, तू बाळीवेशीत, मी पुढं जुळे सोलापुरात. तुझा फोन आला नाही असा आठवडा मला आठवत नाही. आणि तुझी बातमी मला सांगायची कुणी, तर तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पिको-फॉल करणाऱ्या बाईनं! "काकू, ताई गेल्या की ओ," एवढं म्हणाली आणि फोनवरच मोठ्यानं रडायला लागली. मग मलाच तिला म्हणावं लागलं, रडू नकोस, पाणी पी. माझं रडणं राहूनच गेलं.

नंतर मी तुझ्या बसवराजला विचारलं, बाबा, मला का नाही रे फोन केलास? तो बिचारा म्हणाला, "सुशीमावशी, डोकं चालत न्हवतं. अनसूयाक्का समोर होत्या, त्यांनाच म्हटलं, सगळ्यांना कळवा." सगळ्यांना, गिरजे! इतक्या वर्षांनी मी 'सगळ्यांत' जाऊन बसले.

घरी आले तर तुला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, आपल्याकडं बसवतात तसं. कपाळभर विभूती, अंगावर ती मोरपंखी इरकल, जी मी मागितली की तू 'माझ्या मागनं घे' म्हणायचीस. तुझ्या पायाशी जागा एकच होती आणि तिथं अनसूया तुझे पाय धरून बसली होती. मी दाराजवळ टेकले. येणाऱ्या बायका तिलाच जवळ घेत होत्या. कुणी मला म्हणालं, "तुमी कोण म्हणायच्या?" मी म्हटलं, मैत्रीण. त्यावर त्या बाईनं अनसूयेकडं बघितलं, मैत्रीण तर तिकडं बसलीय असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तेही सोसलं असतं. पण तुझं दिवसकार्य, म्हणजे आपली शिवगणाराधना, झाल्यावर जेवणं आटोपून बायका माजघरात बसल्या, तुझ्या गोष्टी निघाल्या, आणि अनसूयेनं शिंगट्याची गोष्ट काढली.

तुझं नाव निघालं की शिंगटा निघणारच होता. लिंगायताच्या घरातली, अंडंसुद्धा न शिवणारी बाई आणि तिला वेड कशाचं, तर माशाचं! तेही रंगीत, काचेच्या पेटीत मिरवणाऱ्या माशांचं नव्हे. आपल्या नदी-ओढ्यातला चार बोटांचा शिंगटा. खवले नसलेलं गुळगुळीत मातकट अंग, कडेला एक काळसर रेघ, तोंडाला लांब मिशा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे. बाजारात त्याला किंमत नाही. दिवसभर दगडाखाली दडून बसणार आणि उजेड सरला की मिशांनी तळ चाचपत बाहेर पडणार. असल्या लपून बसणाऱ्या जिवात तुला काय दिसलं ते तूच जाणे.

तर अनसूया सांगत होती, "ताई ल्हान असताना येळवशीला शेतात गेल्त्या. वढ्यात त्यान्ला ह्यो मासा दिसला. त्यांनी हातानं धरला की ओ! काटा घुसला, रगात आलं, पर सोडला न्हाई. आन् त्यांच्यासंगं येक मैत्रीण हुती म्हणं, ती अशी वरडत पळाली, अशी पळाली, की मागं वळूनबी बघितलं न्हाई!" तिनं हातवारे करून ते पळणं दाखवलं. सगळ्या हसल्या. तुझी सून डोळे पुसता पुसता हसली. माझ्या हातात चहाचा कप होता, मीही हसले. काय करणार होते?

गिरजे, मी पळाले नव्हते. हे तुला माहीत होतं.

आता तू मधे बोलू शकत नाहीस, तेव्हा एकदाचं ऐकून घे. ती तुमच्या शेतातली येळवस होती. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला आपल्याकडं गाव ओस पडतं आणि सगळे शेतात जेवतात. भज्जी, उंडे, आंबील खाऊन आपण सुस्त झालो होतो. तुझे वडील आंबिलीचा चरग शेताच्या चारी कडांना शिंपून आले, बायका आवराआवरीला लागल्या, आणि भांडी विसळायला आपल्याला ओढ्यावर पिटाळलं. दिवस मावळतीला गेला होता. आंबिलीचं मडकं माझ्याकडं होतं. मी ते विसळून पाणी ओढ्यात ओतलं, आणि समोरच्या सपाट दगडाखालून आधी नुसत्या मिशा बाहेर आल्या. मग डोकं. "गिरजे, बघ गं, बघ!" हे शब्द माझे. तू तेव्हा पलीकडं पितळी घासत बसली होतीस आणि तुझं लक्ष तुझ्या नव्या बांगड्यांकडं होतं.

तू आलीस आणि वांगं उचलावं तसा तो मुठीत घेतलास. ज्यांच्या घरी मासे शिजतात त्यांच्या पोरांना रांगायच्या वयात कळतं की शिंगट्याला असं धरत नाहीत. आपल्या दोघींच्या सात पिढ्यांत कुणी मासा हातात धरला नव्हता. त्यानं काटे ताठ केले, तळव्यात घुसवले, आणि वर ओरडला. खरंच ओरडला, कर्र कर्र असा. मासा ओरडतो हे आपल्याला काय ठाऊक? किंचाळलीस तू. मी हळद आणायला पळाले, बोरीखाली ठेवलेल्या शिदोरीत हळदीची पुडी होती म्हणून. परत आले तर तू त्याला आंबिलीच्या मडक्यात घालून, मडकं पोटाशी धरून बसली होतीस. मडकं नुसतं विसळलेलं, आत आंबटाण तशीच. त्यात मासा! पण तेव्हा आपल्याला वाटलं, केवढी अक्कल लढवली. तुझ्या हातावर हळद मी दाबली. ती गोष्टीतून कुठं गेली?

या भांडणाचा निकाल कधीच लागला नाही. 'आधी मला दिसला' असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "दिसला तुला, धरला कुणी?" आणि मी म्हणायचे, "न दिसता धरला असतास होय?" मग तू मला 'हुच्ची' म्हणायचीस आणि चहा टाकायला उठायचीस. वेडी म्हणण्याची आपली ती कानडी लाडाची रीत. आता मला हुच्ची म्हणणारं कुणी उरलं नाही. नवरा 'वेडी' म्हणतो अधूनमधून, पण त्याला मराठीच येतं.

पुढं संसार झाले, मुलं झाली, मी शाळेत शिकवायला लागले. मला वाटलं, तो मासा तू विसरलीस. आणि मग एक दिवस तू मला मासळी बाजारात घेऊन गेलीस. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि हातात झाकणाचा डबा. मी पदर नाकाला लावून बाहेर थांबले, तू आत शिरलीस. तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मावशी, कापून देऊ का तसंच?"

"कापू नको गं बाई. जिवंतच दे. वळवळणारे."

"घरला जाऊस्तवर मरत्याल की!"

"मरू द्यायचे नाहीत. पाळायचेत."

ती कोळीण कितीतरी वेळ हसत होती. तू मात्र राणीसारखी बाहेर आलीस आणि डबा माझ्या नाकाशी धरलास. परसातला कपडे धुवायचा हौद तू त्यांना दिलास. तळाला वाळू, वर अर्धी शहाबादी फरशी आडवी, आत फुटक्या मडक्यांचे तुकडे, म्हणजे त्यांना दडायला जागा. तुझ्या सासूबाई तेव्हा होत्या. "मन्याग मीनु?" एवढंच त्या म्हणाल्या, घरात मासा? आणि मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "शिजवायचं न्हाई, सांगून ठेवते." तू म्हणालीस, "शिजवायला कुणाला येतंय, अत्ती?"

तेव्हापासून मी आले की तुझं अर्धं लक्ष हौदाकडं. मी सुनेची गाऱ्हाणी सांगतेय आणि तू मधेच हात वर करतेस, थांब, फरशीखाली हललं काहीतरी. माझ्यासमोर तू कधी दहा मिनिटं गप्प बसली नाहीस, त्यांच्यासमोर तासभर बसायचीस. दिसत तर काही नसायचं! मी चिडून म्हणायचे, अगं, जो दिसतच नाही त्याच्यासमोर बसतेस आणि जी समोर बसलीय तिच्याकडं बघत नाहीस. तू म्हणायचीस, तू काय, दिसतेसच की.

आणि पाणी! या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की सगळी गल्ली पिंपातलं शिळं ओतून टाकते आणि ताजं भरते. तू उलटी. नळाचं ताजं पाणी औषधाच्या वासाचं, त्यानं शिंगटे मरतात, म्हणून तू दारोदार शिळं पाणी मागत फिरायचीस. "ओतू नका हो, मला द्या." लोक आधी हसले, मग राखून ठेवायला लागले. त्यातच अनसूया होती. तिच्या दुकानामागं पिंप होतं. सकाळी कळशी घेऊन तू तिच्या दारात, आणि कळशीमागून गप्पा. मी बसनं यायचे, ती चार पावलांवर. माझं कुठं चालणार होतं?

पण तुला खरं जिंकलं ते सुकटीनं. तू त्यांना भिजवलेली कडक भाकरी घालायचीस, शेंगदाण्याचं कूट घालायचीस. भाकरी खाऊन शिंगटे जगत नाहीत, ते किडे-अळ्या खाणारे. तुझे मासे वाळत चालले आणि तू कासावीस. अनसूयेच्या घरी, तेलुगू विणकरांचं घर ते, सुकट डब्यात कायम. ती म्हणाली, ताई, तुमी हात लावू नका, मी टाकते. रोज दुकान उघडायच्या आधी चिमूटभर वाळकी कोळंबी घेऊन ती तुझ्या परसात. मासे ताजेतवाने झाले. मला तू फोनवर सांगितलंस, "अनसूयेचा हात लागला आणि बघ!" मला काय बघायचं होतं त्यात? मला सुकट घरात आणता येत नव्हती, एवढाच माझा कमीपणा. आणि मी तुला बोलूनही दाखवलं की जिच्या घरी शिंगट्याचं कालवण होतं तिच्या हाती तू तुझी लेकरं सोपवलीस. तू म्हणालीस, "ती खाते म्हणून तिला कळतं, सुशे. आपल्याला काय कळलं होतं, मडक्यात घातला तेव्हा?" ते मला लागलं. बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण चादरीवरून झालं. दुपारी तुला सवड, आणि दुपारी मासे दडलेले. म्हणून तू जाडजूड सोलापुरी चादर दिवसा हौदावर टाकायला लागलीस आणि दिवा लावायचा तो रात्री. त्यांचा दिवस तू उलटा फिरवलास. थोड्याच काळात तुझे शिंगटे भरदुपारी चादरीखाली फिरायला लागले आणि तू चादरीत डोकं घालून बघत बसायचीस. मी म्हटलं, गिरजे, हा जुलूम आहे. ज्याला अंधार हवा त्याला त्याचा अंधार त्याच्या वेळेला मिळू दे. तुझ्या सोयीसाठी त्याचा दिवस कशाला फिरवतेस? बघायचाच असेल तर त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वेळेला बघ की! पुढच्या वेळी आले तर चादर दोरीवर वाळत होती.

आणि तू नदीवर जायला लागलीस. अनसूयेबरोबर.

म्हणजे सल्ला माझा, आणि सोबत तिची. तिच्या स्कूटीवर मागं बसून, मंगळवेढ्याच्या रस्त्यानं, सीनेच्या पुलापर्यंत. माझ्या नवऱ्यानं स्कूटर घेतली तेव्हा तू 'मला भोवळ येते' म्हणून रिक्षा केली होतीस. आठवतं का? त्या पोरीच्या मागं मात्र पदर खोचून बसलीस. रात्री परत आलीस की तुझा फोन यायचा, दमलेला, खूश. "सुशे, आज एक पूर्ण बाहेर आला. मिशीनं दगड चाचपत होता." आणि मी म्हणायचे, "बरं. माझा कुकर लागलाय."

तू मला एकदा विचारलंस, हे कबूल. "येतेस का नदीला?" मी म्हटलं, माझे गुडघे बघ, मला कुठं जमतंय. गिरजे, तू दुसऱ्यांदा विचारशील म्हणून मी पहिल्यांदा नाही म्हटलं. इतकी वर्षं मला ओळखतेस, भाजीसुद्धा मी दुसऱ्यांदा वाढल्यावर घेते. तुला एवढंही कळू नये? तू विचारलं नाहीस आणि मी आपण होऊन आले नाही. तुझी ती जागा मी बघितलेली नाही, हे तू गेल्यावर मला माजघरात बसून कळलं. तिथल्या दगडांबद्दल अनसूया बोलत होती आणि मी ऐकत होते.

मग बसवराजनं हौदाचं काढलं. परसात त्याला गाडी लावायला शेड करायचीय. चूक नाही त्याचं. तो म्हणाला, "आईचे मासे कुणाला पायजेत?" अनसूया म्हणाली, "ताई म्हणाल्या हुत्या, माझ्यामागं त्यान्ला नदीत सोड." तिला म्हणालीस! मला नाही! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेणार. आधी मला दिसला होता." खोलीतल्या कुणालाच काही समजलं नाही. पण मी म्हातारी, त्यात मास्तरीण. नाही कोण म्हणणार?

आणले, रंगाच्या रिकाम्या डब्यात घालून. बाल्कनीत प्लॅस्टिकचा टब ठेवला, तळाला विटांचे तुकडे टाकले. नवरा म्हणाला, हे काय आता नवीन? मी म्हटलं, गिरिजेचं आहे, बोलू नका. गिरजे, मी रोज त्या टबापाशी खुर्ची टाकून बसले. एकही दिसला नाही. बाल्कनीत दिवसा ऊन आणि अंधार पडल्यावर समोरच्या दिव्याचा पिवळा झोत. भाकरी कुस्करून टाकली ती तशीच तळाला फुगली. मला वाटायला लागलं, हे माझ्यावर रुसलेत. मग वाटलं, आत कुणी नाहीच, अनसूयेनंच काढून नेले असणार. बघ, कुठवर गेले मी.

शेवटी तिचाच फोन आला. "काकू, खातेत का?" मी खोटं बोलणार होते, बोलवलं नाही. म्हटलं, नाही.

ती आली. टब बघितला, मला वाटलं आता बोलणार. पण तिनं टब ओढून कोपऱ्यात सरकवला, ओलं पोतं अर्ध्यावर टाकलं, आणि कनवटीची पुडी सोडून चिमूटभर सुकट पाण्यात सोडली. माझ्या घरात सुकट! नवरा आत टीव्ही बघत होता म्हणून बरं. "आता गप बसायचं, काकू," ती म्हणाली. दिवेलागणीची वेळ होती, मी घरातला दिवा लावू दिला नाही. थोड्या वेळानं विटेआडून मिशा आल्या. मग सगळा तोच. त्याच्यामागं दुसरा. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हिच्यासाठी आला, माझ्यासाठी नाही आला. गिरजे, चार बोटांच्या माशावरून मी एका बाईचा हेवा करत अंधारात बसले होते, आणि ती बाई हळूच रडत होती. तुला हसू आलं असेल.

"काकू," ती म्हणाली, "हितं न्हाई जगायचे हे. वाळलेत बघा. नदीत सोडू की. तुमीबी चला."

मी म्हटलं, "माझे गुडघे..."

"तुमच्या गुडघ्यांचं ताईंनी सांगितलंय," ती म्हणाली. "पार पाण्यापातूर गाडी जाती. चला तुमी."

दुसऱ्यांदा विचारलं तिनं. तुला जमलं नव्हतं ते. मी गेले.

मांडीवर डबा, डब्यात तुझे शिंगटे, दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, आणि मी त्या स्कूटीच्या मागं जीव मुठीत धरून. पुलाच्या अलीकडून एक पायवाट खाली उतरते. थोडं आत गेल्यावर काठावर करंजाचं झाड आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलेली, मुळांशी चिकणमातीची बिळं, आणि पुढं सपाट काळे दगड एकावर एक कलंडलेले. पाणी तिथं वाहतंही आणि थांबतंही. पलीकडच्या काठाला वाळू उपसून मोठाले खड्डे पडलेत, तिथं नुसती जलपर्णी. "तिकडं एकबी न्हाई," अनसूया म्हणाली. "वाळू गेली, दगडं हलली, की ह्येचं घर गेलं. ताई म्हणायच्या, धार जितं दमती तितं ह्यो ऱ्हातो." तुझे शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला परत आतून काहीतरी टोचलं. आणि जागा इतकी चांगली होती की मला तुझा रागही आला, ही एकटीनं बघितलीस म्हणून. एकटीनं नाही, दोघींनी.

सूर्य ज्वारीमागं उतरला तेव्हा आम्ही डबा पाण्यात आडवा केला. तिनं सांगितलं, लगेच ओतायचं नाही, दोन्ही पाणी एक होऊ द्यायचं. मी डबा धरला. एकेक करून ते निघाले. मला वाटलं होतं, थोडे रेंगाळतील, एखादा वळून बघेल. छे. मिशा लागल्या दगडाला आणि मासा दगडाखाली. रिकामा डबा हातात राहिला.

अनसूया पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ताईंनी पयलाबी असाच सोडला म्हणं."

"कुठला पहिला?"

"येळवशीचा. सांजच्यालाच वढ्यात परत नेऊन सोडला म्हणायच्या."

सोडला? गिरजे, तो रात्रीतून मेला होता. सकाळी मडक्याचं झाकण काढलं तर पांढरं पोट वर. तू जेवली नाहीस, शाळेत आली नाहीस. आणि घरचे शेतावर गेल्यावर आपण तुमच्या परसातल्या बेलाखाली खड्डा केला. आपल्याकडं बसवून पुरतात, तर त्यालाही बसवायचा, असा तुझा हट्ट. मासा बसतो कसला! तो कलायचा, तू दोन बोटांनी धरून ठेवायचीस आणि मी भोवतीनं माती दाबायचे. तुझ्या वडिलांच्या कोनाड्यातली विभूती तू त्याच्या डोक्याला लावलीस, त्या मिशांच्या वर. मी बेलाचं पान ठेवलं. तू मला शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही. तुझ्या माजघरात तुला बसवलं होतं, तुझी मान एका बाजूला कलत होती आणि तुझा पुतण्या ती पुन्हा पुन्हा सावरत होता, तेव्हा मला तेच आठवलं आणि हसू फुटलं. मी पदर तोंडावर दाबला. मी रडतेय असं वाटून अनसूयेनं उठून माझी पाठ थोपटली होती.

तर हे तू तिला सांगितलं नाहीस. हौदाचं सांगितलंस, नदीचं सांगितलंस, माझ्या गुडघ्यांचंसुद्धा सांगितलंस. मला पळपुटी करून गल्लीभर फिरवलंस. पण ते बेलाखालचं तू झाकून ठेवलंस, त्यावर एक खोटी गोष्ट पांघरून. ते आपलं दोघींचंच राहिलं. मी तिथं पाण्याकाठी उभी राहून पहिल्यांदा तुझ्यासाठी रडले, तू गेल्यापासूनचं सगळं.

अनसूया घाबरली. मग माझं आवरल्यावर तिनं विचारलं, "काकू, ती वरडत पळालेली मैत्रीण कोण ओ? ताईंनी नाव कदी सांगितलं न्हाई."

"मी."

"तुमी?"

"आणि मी पळाले नव्हते. हळद आणायला गेले होते. किंचाळल्या त्या तुझ्या ताई."

"म्हंजे ताई खोटं बोलल्या व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. किती दिवसांनी इतकं गोड वाटलं मला. पुढचं मात्र मी तिला सांगितलं नाही. हे पत्र मी छापायला देणार आहे, छापून आलं की कळेल तिला, कळू दे. शपथ मोडली म्हणून तुला काय करायचं ते कर. त्या संध्याकाळपुरतं तरी ते माझं एकटीचं होतं.

अंधारत आलं होतं. करंजाच्या मुळाला लागून एक रुंद दगड आहे. "ताई हितं बसायच्या," अनसूया म्हणाली, "आन् मी ह्या अंगाला." तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी गुडघे धरत धरत जाऊन त्या दगडाच्या बरोबर मधोमध बसले. दोन्ही बाजूंना पदर पसरला. तिला टेकायला जागा ठेवली नाही. ती रिकामा डबा घेऊन शेजारी उभी राहिली. खाली पाण्यात, दगडाच्या कडेला, काहीतरी हललं. मला नीट दिसलं नाही. तिनं वाकून बघितलं, पण तिथून तिलाही दिसेना.

मी पदर गोळा केला आणि थोडी सरकले. फार नाही, एकीपुरतं.